पोत्यातला बॅकगिअर

उद्यमनगरातल्या एका बंद वर्कशॉपमध्ये जुनी पिलर ड्रिल, म्हणजे खांबावरची भोकं पाडायची मशीन, विकायला आहे, असं भाच्याला कळलं आणि त्याचा लगेच मला फोन. "मामा, एकदा बघा की. रंग झकास आहे, ड्राइव्हपण बसवलाय." मेंटेनन्समध्ये बत्तीस वर्षं काढलीत, ताज्या रंगाचं कौतुक ऐकलं की मी आधी स्क्रेपर खिशात टाकतो. सोबत डायल (कणभर हललं तरी काट्यावर दाखवणारं मापयंत्र), मॅग्नेटिक बेस, व्हर्नियर, खडू आणि बाटलीत थोडं डिझेल घेतलं.

भाच्याला कागलजवळच्या शेडमध्ये ट्रॉलीची कामं करायची आहेत. जाड पट्टीत १६ ते २२ मिलीची भोकं. हे डोक्यात धरूनच निघालो. दागिन्यांच्या डायवाल्याला जी मशीन नकोशी होईल, ती आम्हाला चालू शकते आणि उलटही.

मशीन इंग्लंडची, इंची जमान्यातली. २५ मिलीपर्यंतची, स्पिंडलला, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याला, तीन नंबरचा मोर्स टेपर (ड्रिल किंवा चक बसवायची निमुळती खोबण). मूळची ही लाइनशाफ्टवर, म्हणजे सगळ्या मशीनना चालवणाऱ्या एकाच लांब शाफ्टवर, पट्ट्यानं चालणारी. पुढं कुणीतरी पट्ट्याची पायऱ्यांची पुली काढून मागं दीड एचपीची मोटर, पायऱ्यांची व्ही पुली, व्ही बेल्ट आणि व्हीएफडी बसवला होता. हाच तो ड्राइव्ह, विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा. मालक म्हणजे चाळिशीचा माणूस, वडील वारल्यावर शेड रिकामी करत होता. बेचाळीस हजार सांगितले. "आधी दोघं येऊन गेले," तो म्हणाला, "चक थरथरतोय म्हणून सोडून गेले."

चक खरंच थरथरत होता. डायल लावला तर ०.३ मिली. पण चक म्हणजे स्पिंडल नव्हे. ड्रिफ्ट (पाचर) घालून चक उतरवला, टेपर कापडानं पुसला आणि डायलचं टोक आतल्या अंगाला टेकवून स्पिंडल हातानं फिरवला. काटा दोन घरं हलला, म्हणजे ०.०२. एवढ्या वयाच्या मशीनला हे फार चांगलं. क्विल, म्हणजे स्पिंडलला खाली-वर नेणारी नळी, पूर्ण खाली घेऊन हलवली तेव्हा खेळ जाणवला, पण खडखड नाही. तिच्या रॅकचे (दातेरी पट्टीचे) मधले दात झिजलेले. सगळं काम तिथंच होतं, ते झिजणारच. टेबलावर ड्रिल घुसल्याचे खड्डे मात्र बरेच होते. ते पाहून मला वाईट वाटतं. खाली लाकडाचा तुकडा ठेवायला किती वेळ लागतो?

टेबलाच्या ब्रॅकेटचा कान, जिथं तो कॉलमला आवळतात, तिथं रंगाखालची लांबी (पुट्टी) जरा जाड दिसली. मालकाला विचारून स्क्रेपर चालवला. खालून पिवळी रेघ निघाली, पितळेचं ब्रेझिंग. बीड (ओतीव लोखंड) तुटल्यावर साध्या रॉडनं वेल्डिंग केलं असतं तर जोडाच्या शेजारचं बीड कडक होऊन पुन्हा तडकलं असतं. इथं कुणीतरी नीट तापवून जोडलं होतं. तरी डिझेल लावलं, दहा मिनिटं मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडू फासला. भेग असेल तर आत शिरलेलं तेल खडूत ओलसर रेघ काढतं. खडू पांढराच राहिला.

मग ड्राइव्ह. मालकानं नॉब फिरवून स्पिंडल अगदी सावकाश फिरवून दाखवला. भाचा खूष. मी २० मिलीचं ड्रिल लावलं, पट्टी बांधली, काटा २० हर्ट्झवर आणला आणि पायलट (आधीचं बारीक भोक) न मारता हँडल ओढलं. टोक घुसलं, पुरता घेर लागला आणि स्पिंडल जागच्या जागी थांबला. ड्राइव्ह ट्रिप.

भाच्याला तिथंच समजावलं. ड्राइव्ह वेग कमी करतो, पण मोटरचा पीळ (टॉर्क) त्यानं वाढत नाही. ५० हर्ट्झला दीड एचपी देणारी मोटर २० हर्ट्झला जेमतेम ०.६ एचपी देते. गिअर जितका वेग घटवतो जवळजवळ तितकाच पीळ वाढवतो. शिवाय सगळ्यात मोठ्या पुलीवर पूर्ण वेगात ही मशीन ६२० फेरे घेत होती. २२ मिलीच्या हायस्पीड ड्रिलची कड त्या फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ४३ मीटर वेगानं कापते. माइल्ड स्टीलला पंचवीस-तीस पुरे. धार जळणार. थोडक्यात, आमच्या कामाला मशीन नापास. मी हत्यारं आवरायला लागलो.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, हा मोठा गिअर कशाला आहे? कशालाच लागत नाही." वरच्या आडव्या शाफ्टवर, गार्डच्या आड, ४२ दातांचा गिअर चावीनं बसलेला होता आणि नुसता फिरत होता. काढायचा तर अख्खा शाफ्ट ओढावा लागला असता, म्हणून बदल करणाऱ्यानं तो तसाच ठेवला असणार. शेजारी बिडात दोन रिकामी बोअर, बुशसकट. म्हणजे या मशीनला बॅकगिअर होता, वेग घटवून पीळ वाढवणारी गिअरची जोडणी!

मालकाला विचारलं, तर तो माळ्याकडं बघत म्हणाला, "दादांनी एक पोतं ठेवलंय, भंगारात घालू नका म्हणायचे." पोतं उतरवलं. वाळलेल्या ग्रीसमध्ये गुंडाळलेला बॅकशाफ्ट, त्यावर ४२ आणि १८ दातांचे दोन्ही गिअर. नव्हता तो फक्त पुलीबरोबर गेलेला १८ दातांचा.

मोठ्या गिअरला व्हर्नियर लावला: १११.७ मिली. २.५ मॉड्यूल (दातांचं मिलीतलं माप) असता तर ११० भरला असता. डीपी हे दातांचं इंची माप: दातांत दोन मिळवून डीपीनं भागलं की बाहेरचा व्यास. ४४ भागिले १० म्हणजे ४.४ इंच, हा १० डीपीचा गिअर. गिअर कापणाऱ्याला हे सांगितलं नाही तर तो सवयीनं मॉड्यूलचा कटर लावील आणि दात कुरकुरत राहतील. व्ही पुलीला गनमेटल बुश घालून ती शाफ्टवर मोकळी करायची, तिला नवा गिअर जोडायचा, सरळ वेगासाठी लॉकपिन ठेवायची. ६२० चे ११४ होतात, वरच्या दोन पुल्यांवर १८० आणि २७५. धार जळणार नाही असे वेग. ड्राइव्हही राहू दे. भाच्याकडं सिंगल फेजच आहे, त्यावर थ्री फेजची मोटर ड्राइव्हनंच चालेल.

पोत्यात काय आहे ते मी भाव ठरवण्याआधीच मालकाला स्पष्ट सांगितलं. दादांनी जपलेली वस्तू आम्ही भंगार म्हणून नेणं बरं दिसलं नसतं. तो थोडा वेळ गिअरवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "चौतीस द्या. आणि चालू झाली की मला बोलवा."

टेम्पोत चढवताना डोकं खाली आणून टेबलावर लाकडी ठोकळ्यावर टेकवलं आणि कॉलम दोन्हीकडून बांधला. पोतं मागं ठेवायला भाचा तयार नव्हता. ग्रीसचे डाग पडले तरी कागलपर्यंत ते त्यानं मांडीवरच धरलं.