लाल उजेडाले भेता, अन् बाटलीले नाही?

आमच्या कृषी केंद्रात पाकिटावरचा बारकोड वाचायचा वायरलेस स्कॅनर आला तेव्हापासून हंगामात एक प्रश्न ठरलेला. सरकीच्या पाकिटावर लाल रेघ मारली की समोरचे काका लगेच, "काहून रे बाप्पा, ह्या उजेडानं बियाणं मरन तं नाही ना?" नाही मरत काका. लेझर आहे तो, पण एक मिलिवॅटच्या आतला, कोडाच्या काळ्या रेघा उजेड गिळतात अन् पांढरी जागा तो परत फेकते, तेवढ्यावरून मशीन नंबर वाचते, पाकिटाच्या आतल्या सरकीला काही पत्ताच लागत नाही.

डोळ्याचं मात्र वेगळं आहे. लेझर डोळ्याला किती धोक्याचा हे त्याच्या 'क्लास'वरून कळते, बहुतेक लेझर स्कॅनर क्लास २ चे असतात, पिवळ्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असते. क्लास २ चा सगळा हिशोब आपल्या पापणीवर चालतो, झगमग उजेड आला की पाव सेकंदात डोळा मिटते, तेवढ्या वेळात डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होत नाही. पण मुद्दाम टक लावून पाहिलं तर हा हिशोब बसत नाही, आणि पोट्टे नेमकं तेच करतात, स्कॅनरच्या काचेला डोळा लावून एकानं पाहायचं अन् दुसऱ्यानं बटन दाबायचं. संध्याकाळी 'टाकून' येणाऱ्याचीही पापणी सुस्त असते बरं, त्याच्या तोंडाकडे तर स्कॅनर करूच नका. बारकी अक्षरं वाचायला काउंटरवर भिंग असते, त्यातून ह्या किरणाकडे पाहणं आणखी वाईट.

एक गोष्ट रोज दिसते. गिऱ्हाईक मोबाईलवरचा क्यूआर दाखवायला फोन छातीशी, कधी तोंडासमोर धरते आणि काउंटरवरचा पोरगा तिकडेच स्कॅनर रोखते. अरे, साधा लेझर स्कॅनर क्यूआर वाचतच नाही, त्याला कॅमेरावाला स्कॅनर लागते, उगाच काचेवरून उजेड परतून कोणाच्या तरी डोळ्यात. चकचकीत पाकिटालाही थोडं तिरपं धरूनच मारायचं, डोळे वाचतात अन् कोडही लवकर वाचला जातो.

खोलून दुरुस्ती करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका खोलू. आतला बारका आरसा हलत राहतो म्हणून आपल्याला रेघ दिसते, तो अडकला तर सगळा उजेड एकाच ठिपक्यात. आधी रेघ पडत होती अन् आता नुसता ठिपका पडतो असं झालं तर स्कॅनर बाजूला ठेवा, कंपनीच्या माणसाला दाखवा.

आणि जत्रेतला लेझर किंवा डीजेवरचा लेझर ह्याच मापात मोजू नका, त्यांची ताकद कितीतरी जास्त असू शकते. २०२३ च्या गणपती विसर्जनानंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या त्या डीजेच्या लेझरच्या.

आता आपल्याकडचा खरा वैरी, ऊन. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये म्हणतात, अन् मे महिन्यात टिनाखालच्या दुकानात, तेही खिडकीतल्या उन्हात चार्जिंगचा स्टँड ठेवला तर काय होईन? गाडीच्या डिक्कीतही टाकून ठेवू नका. दुपारी चार्जिंग नकोच, सकाळी करा, चार्जर त्याचाच वापरा, लाईन जाऊन-येऊन करत असेल तर पिन काढून ठेवा. बॅटरी फुगली, झाकण वर आलं की चार्जिंग बंद, टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात तर फेकायचीच नाही.

वायरलेसच्या लहरींचं कोणी विचारलं तर ते बहुतेक करून ब्लूटूथच असते, कानात घालता तेच. फक्त पेसमेकर बसवलेल्या माणसानं छातीच्या खिशात ठेवू नये, वीतभर लांब असलेलं बरं.

पण माझ्या मते ह्या मशीनचा सगळ्यात घाण भाग लेझर नाही, बटन आहे. कीटकनाशकाची गळकी बाटली धरायची, त्याच हातानं स्कॅनर दाबायचा, मग पुढचा माणूस तोच स्कॅनर घेऊन त्याच हातानं चहासोबत बिस्कीट खाते. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली हे आपण पाहिलं, तरी दुकानात बाटलीला हातमोजा कोणी घालत नाही. आम्ही आता गळकी बाटली स्कॅनच करत नाही, हातमोजा घालून वेगळी ठेवतो अन् नंबर टाइप करतो. स्कॅनर संध्याकाळी बंद करून ओलसर फडक्यानं पुसतो, काच मऊ कोरड्या कापडानं. थिनर-पेट्रोल लावू नका, काच धुरकट होते अन् मग एकाच पाकिटावर दहादा बटन दाबत बसा.

नवीन घेणार असाल तर आधी तो पिवळा स्टिकर शोधा. कोणता क्लास तेच लिहिलेलं नसेल तर स्वस्तात भेटला तरी घेऊ नका.