पाचशे फुटांच्या आतलं घर

मंगळवारी दुपारी अमेरिकेतल्या सॅन होजे शहराच्या सिटी कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, सभा सुरू होती आणि मी प्रेक्षकांत बसले होते. आमच्या भागातल्या एका मोकळ्या प्लॉटवर उंच इमारतीला परवानगी द्यायची की नाही, असा विषय होता. विषय पुकारला तशा एक नगरसेविका माईकजवळ वाकून म्हणाल्या, "माझं घर या जागेपासून पाचशे फुटांच्या आत आहे, त्यामुळे मी या विषयात नाही." समोरचे कागद गोळा केले, पाण्याची बाटली उचलली आणि बाजूच्या दाराने सरळ बाहेर. मत दिलं नाही एवढंच नाही, त्या सभागृहातच थांबल्या नाहीत. लोकांची भाषणं झाली, चर्चा झाली, मतदान उरकलं, तेव्हा कुणीतरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. पुढचा विषय सुरू झाला. सभागृहात कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं, मला मात्र रात्री झोप लागेना.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला महापालिकेची सभा नवी नसते. आमच्या घरी तर जेवताना तोच विषय. कोण स्थायीवर गेलं, कुणाचा पत्ता कापला, सभापती कोण होणार, कुठल्या गटाचं तौलनिक संख्याबळ किती. हमरीतुमरी, तहकुबी, सभात्याग सगळं ऐकलेलं आहे. सभात्यागसुद्धा नाना प्रकारचे. पण स्वतःच्या घराचा संबंध येतो म्हणून कुणी आपण होऊन उठून गेलं, असं माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

घरी येऊन नियम शोधला. कॅलिफोर्नियाचा १९७४ चा पोलिटिकल रिफॉर्म ॲक्ट आणि त्याखालची नियमावली. जागा लोकप्रतिनिधीच्या मालमत्तेपासून पाचशे फुटांच्या आत, म्हणजे साधारण दीडशे मीटरच्या आत असेल, तर हितसंबंध आहे असंच धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर भक्कम पुरावा द्यायचा. पाचशे ते हजार फुटांमध्ये असेल तर तपासून ठरवायचं. हितसंबंध काय आहे ते सगळ्यांदेखत सांगायचं, सभागृह सोडायचं, आणि त्या विषयावर पडद्यामागूनही वजन टाकायचं नाही. स्वतःच्या घरापुरतं काही म्हणायचंच असेल, तर इतर नागरिकांसारखं समोरच्या माईकवर येऊन बोलायचं. सदस्याच्या खुर्चीवरून नाही. शिवाय दरवर्षी फॉर्म ७०० भरायचा: गुंतवणूक, उत्पन्न, जमिनी, मिळालेल्या भेटी. तो फॉर्म कुणालाही मागून बघता येतो. मी मागितला नाही, पण मागू शकते, आणि का हवाय असं मला कुणी विचारू शकत नाही.

हे सगळं मी सोलापूरला घरी आप्पांना फोनवर सांगितलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "बाहेर गेली म्हणजे काय झालं गं? सांगायचं ते आदल्या दिवशीच चहा पिताना सांगून ठेवलं असेल की."

त्यावरही इथं कायदा आहे, १९५३ चा ब्राऊन ॲक्ट. बहुसंख्य सदस्यांनी सभेबाहेर शहराच्या विषयावर एकत्र बोलायचं नाही. एकाने दुसऱ्याला फोन, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळीसुद्धा चालत नाही. सॅन होजेत महापौर धरून अकरा जण आहेत, म्हणजे सहा जणांत विषय फिरला की कायदा मोडला. विषयपत्रिका बहात्तर तास आधी लावायची, आणि तिच्यात नसलेला विषय सहसा घ्यायचाच नाही. स्थानिक निवडणुका कायद्याने पक्षविरहित. ऐनवेळचे विषय, उपसूचना, सभेआधीची पक्षाची बैठक आणि तिथून आलेला व्हिप हे सगळं पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आप्पांना अजून पटलेलं नाही. "माणसं सगळीकडं सारखीच," एवढंच ते म्हणतात. असतील. पण सारख्या माणसांना उठून बाहेर जावं लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता कुणी असं समजू नये की आपल्याकडे कायदाच नाही. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम १० आहे. महापालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा आडून वाटा निघाला, तर त्याचं पदच जातं. कागदावर बघितलं तर आपली शिक्षा इथल्यापेक्षा कडकच वाटते. फरक एवढाच, की आपल्याकडे ते कुणीतरी तक्रार करून, पुरावे गोळा करून, कोर्टकचेऱ्या करून सिद्ध करायचं. इथं ज्याचं घर त्यानेच तोंडाने सांगायचं. मला भारी वाटलं ते हे.

त्या बाईंच्या नावाखाली कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्यांच्या समित्या आणि मंडळं लिहिलेली होती. तिथून मला दुसरी गोष्ट उमगली. इथल्या नगरसेवकाचं निम्मं काम त्याच्या सभागृहात नसतंच. कौन्सिलच्या स्वतःच्या समित्या आहेत: वाहतूक आणि पर्यावरण, सार्वजनिक सुरक्षा आणि वित्त, आणि विषयपत्रिकेवर काय येणार ते ठरवणारी रूल्स कमिटी. या झाल्या घरातल्या. खरी गंमत बाहेरच्या मंडळांची. शहरातली बस आणि लाइट रेल शहराची नाही. ती व्हीटीए नावाच्या जिल्हाभराच्या संस्थेची. तिच्या मंडळावर मतदानाचा हक्क असलेले बारा जण, त्यांतले पाच सॅन होजे कौन्सिलचे. म्हणजे बसचा मार्ग बदलायचा तर आपला नगरसेवक त्या पाचांत आहे का, हे आधी बघायचं. सांडपाण्याचा प्रकल्प सॅन होजे आणि शेजारच्या सांता क्लारा शहराच्या मालकीचा, पण तो आठ शहरांतल्या सुमारे चौदा लाख लोकांचं पाणी शुद्ध करतो. त्यामुळे ही दोन शहरं आणि त्यांच्या भागीदार संस्था यांचे प्रतिनिधी बसतात अशी एक वेगळी सल्लागार समिती. इथं बागांमधून हिंडताना जांभळ्या रंगाचे पाइप आणि जांभळी झाकणं दिसतात, बाजूला 'हे पाणी पिऊ नका' अशी पाटी. ते त्याच प्रकल्पातलं शुद्ध केलेलं पाणी, हिरवळीसाठी फिरवलेलं. त्या झाकणांवरून मी कितीदा चालत गेले असेन. त्यांचा निर्णय कुठल्या टेबलावर झाला हे आता कळलं.

सोलापूरच्या माणसाच्या मनात पाणी म्हटलं की पुढचा विचार आपोआप येतो, तो मी लिहीत नाही. उजनी धरण, तिथून रोज सतरा कोटी लिटर (१७० एमएलडी) पाण्यासाठीची समांतर जलवाहिनी, एकशे दहा किलोमीटरचं अंतर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मला फक्त एवढंच विचारायचंय, की आपल्या प्रभागाचा नगरसेवक कुठल्या समितीवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? गटार तुंबलं, दिवा गेला, कचरागाडी आली नाही, की आपण फोन लावतो. पण निविदा मंजूर होते सोळा जणांच्या स्थायी समितीत. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी तिथं जातं, मग महासभेत. पहिल्या वर्षानंतर चिठ्ठ्या टाकून त्यातले निम्मे बाहेर पडतात आणि नवे येतात. आपण सभापती कोण झाला ते बघतो, गुलाल बघतो आणि विसरतो. स्मार्ट सिटीचंही तसंच. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी फटाके वाजवले. मग कंपनी निघाली आणि निर्णय संचालक मंडळात गेले. तिथं अधिकारी, महापौर आणि मोजके पदाधिकारी. बाकीच्या नगरसेवकांना तिथं खुर्चीच नव्हती, तरी खोदलेल्या रस्त्यांसाठी शिव्या त्यांनीच खाल्ल्या.

म्हणून कुणी इथं मला "तुमच्याकडचे नगरसेवक काय कामाचे" असं म्हटलं, की मी तावातावाने भांडते. आकडेच बघा. २०२० च्या जनगणनेत सॅन होजेची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर, आणि प्रभागांचे नगरसेवक दहा. एका माणसामागे एक लाख लोक. सोलापूर २०११ ला साडेनऊ लाखांचं, आणि नगरसेवक एकशे दोन. एकामागे नऊ-साडेनऊ हजार. इथल्या नगरसेविकेच्या ऑफिसात फोन केला तर एक सौम्य आवाजाचा मुलगा तक्रारीचा क्रमांक देतो आणि दिवस चांगला जावो म्हणतो. आमच्या पेठेतला नगरसेवक रात्री अकरा वाजता ड्रेनेजच्या चेंबरपाशी पायजमा वर खोचून उभा असलेला मी पाहिलाय. सफाई कामगारांना हाक मारून आणणारा तोच, आणि सकाळी मयतीला खांदा द्यायलाही तोच. इथं शहराचा मॅनेजर कौन्सिल नेमतं आणि कौन्सिलच त्याला काढू शकतं. आपला आयुक्त मंत्रालयातून येतो आणि मंत्रालयातूनच जातो. हात बांधलेल्या माणसाकडून आपण किती अपेक्षा करतो, हेही एकदा बघावं.

आणि नगरपालिका म्हणजे काय, हे सोलापूरला कुणी शिकवायची गरज नाही. ६ एप्रिल १९३० ला आमच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला, देशातली पहिली नगरपालिका असं आम्ही अभिमानाने सांगतो. त्यानंतर मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा येरवड्यात फाशी गेले. चार पुतळ्यांपाशी हार घालायला आम्ही शाळेतून जायचो. एका नगरपालिकेने एवढी हिंमत दाखवलेल्या गावची मी आहे, आणि हे मी इथल्या शेजाऱ्यांना आपण होऊन सांगते.

म्हणूनच २०२२ च्या मार्चपासूनची वर्षं मला फार लागली. सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आला. महासभा तोच, स्थायी तोच. एकाच टेबलावर प्रस्ताव आणि त्याच टेबलावर मंजुरी. आप्पा सांगायचे, लोक 'माजीं'नाच फोन करतात, आणि ते बिचारे अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभे राहतात, कुठलाच अधिकार नसताना. जवळजवळ चार वर्षांनी, २०२६ च्या जानेवारीत मतदान झालं. नातेवाइकांच्या ग्रुपवर शाई लावलेली बोटं आली तेव्हा मी ऑफिसात होते.

मला विचाराल तर मत ना इथलं वापरता येतं, ना तिथं जाऊन टाकता आलं. काही जण म्हणतात, तिकडं बसून सांगायला काय जातंय. जातं हो. पण या देशाची नागरिक नसताना मी त्या सभागृहात उठून दोन मिनिटं बोलले. माझं मत नाही हे कुणी विचारलं नाही. ब्राऊन ॲक्टप्रमाणे नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती नाही. चिठ्ठी दिली, घंटा वाजायच्या आत बोलून बसले. दोन मिनिटं फार कमी आहेत, मधेच तोडतात आणि मला त्याचा राग येतो. पण ती मिळतात. आपल्याकडे महासभेला गॅलरीत बसता येतं, बोलता येत नाही. बोलायची जागा म्हणून २००९ साली कायद्यात क्षेत्रसभा घातली आहे: मतदारांची, आपल्या भागापुरती, नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली. आमच्या भागात अशी सभा भरल्याचं आप्पांना आठवत नाही, आणि आप्पा सहसा काही विसरत नाहीत.

सोलापुरात आता सभागृह पुन्हा आलंय. आमच्या प्रभागातून चार जण निवडून आलेत. आप्पांना मी सांगितलंय, चौघांकडे जा आणि दोनच गोष्टी विचारा: तुम्ही कुठल्या समितीवर आहात, आणि क्षेत्रसभा कधी घेता. आप्पा म्हणाले, "पहिल्याचं उत्तर देतील. दुसऱ्याचं लेखी मागतो." अर्ज मी इथून टाइप करून पाठवलाय. सही त्यांची.