पॅस्टन नोंदवही: मार्गारेटचं १४८२चं मृत्युपत्र

मंडळी, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पॅस्टन या जमीनदार घराण्याची पंधराव्या शतकातली पत्रं संपवून मी आता मृत्युपत्रांकडे वळलोय. या खेपेला मार्गारेट पॅस्टन. तिचं मृत्युपत्र ४ फेब्रुवारी १४८२चं आहे आणि ती वारली नोव्हेंबर १४८४मध्ये. तिला आपण नेहमी 'जॉन पॅस्टनची बायको' म्हणून ओळखतो, पण ती स्वतः जमीनदार होती. मॉटबी घराण्याची एकुलती वारस, माहेरची इस्टेट तिच्या हक्काची. म्हणून हे मृत्युपत्र नवऱ्याच्या मागे राहिलेल्या विधवेचं आहे, तसंच गावं बाळगून असलेल्या मालकिणीचंही आहे, आणि मला ते याच नजरेने वाचायचं होतं.

वहीत दोन रकाने आखले: एक कुटुंबाचा, एक चर्चचा. प्रत्येक देणगी कुठल्या तरी एका रकान्यात टाकत जायची, असा बेत. पण पहिल्याच मोठ्या कलमाला तिसरा रकाना काढावा लागला आणि आता सगळ्यात जास्त नोंदी त्या तिसऱ्यातच आहेत.

ते कलम असं. मॉटबी गावच्या चर्चमध्ये बाजूच्या दालनात, मेरीमातेच्या मूर्तीसमोर मला पुरा. तिथे माझे पूर्वज आहेत. त्या दालनाला नवं छप्पर घाला, वर शिसं चढवा, खिडक्यांना काचा बसवा, भिंती उंच करा, आणि काम कारागिराला शोभेल असं करा. आता हा खर्च कुणाचा धरायचा? छप्पर चर्चचं, पण त्याखाली हाडं मॉटबींची. गावकरी दर रविवारी त्या छपराखाली उभे राहणार आणि समोर दिसणार तिची समाधी.

समाधीचा तपशील तर असा दिलाय की कारागिराने वाचून थेट छिन्नी हातात घ्यावी. संगमरवरी शिळा, चार कोपऱ्यांत कुळचिन्हांच्या चार ढाली. एकीवर पॅस्टन आणि मॉटबी, दुसरीवर मॉटबी आणि रीडमचे बर्नी, तिसरीवर मॉटबी आणि लॉर्ड लोव्हेन, चौथीवर मॉटबी आणि सर रॉजर बोशॅम्प. मधोमध एकट्या मॉटबींची ढाल आणि 'देवावर माझा भरवसा' अशा अर्थाची ओळ. चारही कोपऱ्यांत मॉटबी आहेत आणि मधेही तेच. चाळीसेक वर्षं ती पॅस्टनांसाठी झटली, वेढे सोसले, कोर्टकज्जे निभावले, पण नवऱ्याच्या कुळाला जागा दिली एका कोपऱ्यात. शिळेवर नाव घालायचं तेही जॉन पॅस्टनची पत्नी आणि जॉन मॉटबीची मुलगी व वारस म्हणून. मला हा भाग फार आवडला.

शिळा मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत बसवा, असंही तिने बजावलंय. ही अट कुठून आली ते पत्रं वाचलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. तिचा नवरा जॉन मे १४६६मध्ये लंडनला वारला. ब्रॉमहोमच्या मठात त्याचा दफनविधी इतका थाटात झाला की मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून काचकाम करणाऱ्याला बोलावून चर्चच्या खिडक्यांची दोन तावदानं काढली आणि नंतर पुन्हा झाळून बसवली. त्याबद्दल २० पेन्स दिल्याची नोंद खर्चाच्या यादीत आहे. (ती यादी अजून वाचली नसेल तर जरूर वाचा, मठातल्या एका दिवसाचं सगळं अर्थशास्त्र तिच्यात आहे.) एवढं होऊनही थडगं काही उभं राहिलं नाही. बारा वर्षांनी, १४७८मध्येसुद्धा मार्गारेट थोरल्या मुलाच्या, सर जॉनच्या, मागे लागलेली दिसते: दफनाच्या वेळचं जरीचं वस्त्र विकायचं तर विक, पण पैसे बापाच्या थडग्यालाच लागले पाहिजेत. माझ्या मते या बारा वर्षांतूनच ती एका वर्षाची मुदत आली.

तसंच सात वर्षांचं. आपल्या आत्म्यासाठी, आई-वडिलांसाठी, नवऱ्यासाठी आणि दोन्हीकडच्या पूर्वजांसाठी एका पाद्र्याने त्या दालनात सात वर्षं मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणावी, अशी तिची तजवीज आहे. एवढी श्रीमंत बाई 'कायमची' का म्हणत नाही?

एक कारण कायद्याचं. चर्चला कायमची जमीन द्यायची तर १२७९च्या कायद्यापासून राजाचा परवाना लागत असे. चर्च मरत नाही, त्याला अज्ञान वारस नसतो, त्यामुळे वरच्या सरंजामदाराला मिळणारे सगळे हक्क अशा जमिनीतून कायमचे बुडतात. परवान्याला पैसा, वशिला आणि वेळ लागायचा. ठरावीक वर्षांच्या मिस्सांना यातलं काही लागत नाही. नुसता पगार पुरतो.

दुसरं कारण घरचं असावं असं मला वाटतं. सासरे, न्यायाधीश विल्यम पॅस्टन, १४४४मध्ये वारले. नॉरिचच्या कॅथेड्रलमध्ये रोज मिस्सा म्हणणाऱ्या मठवासीला दिवसाला ४ पेन्स मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. वर्षाचा हिशेब मी मांडून पाहिला: १,४६० पेन्स, म्हणजे ६ पौंड १ शिलिंग ८ पेन्स (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड). पण ही इच्छा लेखी मृत्युपत्रात नव्हती आणि थोरल्या मुलाने, म्हणजे मार्गारेटच्याच नवऱ्याने, ती मान्य केली नाही. सासू अ‍ॅग्नेस हे दुःख पुढे कित्येक वर्षं मांडत राहिली. दुसरं उदाहरण सर जॉन फास्टॉल्फचं. हा निपुत्रिक सरदार १४५९मध्ये वारला. केस्टरच्या वाड्यात सात धर्मगुरू आणि सात गरीब माणसं राहतील अशी संस्था त्याला हवी होती. त्याचा वारसा सांगणाऱ्या पॅस्टनांनी तिच्यापायी उभं आयुष्य कज्जात घालवलं, वाड्याला वेढा पडला, आणि शेवटी ती देणगी ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजकडे गेली. कायमस्वरूपी म्हणून केलेल्या व्यवस्थेचं काय होतं ते मार्गारेटने दोनदा घरात बसून पाहिलं होतं.

मुलांचा रकाना त्या मानाने लवकर भरला, कारण मुख्य वाटप तिने हयातीतच केलं होतं. थोरल्याला बापाची जमीन मिळणार हे ठरलेलंच, प्रश्न धाकट्यांचा. १४७७मध्ये धाकट्या जॉनचं (दोन्ही भावांचं नाव जॉनच) लग्न मार्जरी ब्रूजशी जुळत होतं आणि मुलीचे वडील हुंड्याची रक्कम वाढवायला तयार नव्हते, तेव्हा मार्गारेटनेच आपलं स्पारमचं गाव नवदांपत्याला देऊ केलं. थोरला नाराज झाला. वॉल्टर या मुलाला चर्चमध्ये घालायचा विचार होता, पण पाद्री होण्याची घाई करू नकोस, वाईट पाद्री होण्यापेक्षा चांगला संसारी माणूस झालेला मला आवडेल, असा तिचा निरोप होता. १४७९च्या उन्हाळ्यात तो पदवी घेऊन आला आणि ऑगस्टमध्ये वारला. त्याच वर्षी सर जॉनही गेला.

मृत्युपत्रातल्या दोन नातवंडांपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. मुलगी मार्जरी हिने कारभारी रिचर्ड कॅल याच्याशी गुपचूप लग्नाचं वचन देऊन घेतलं होतं. १४६९मध्ये बिशपने चौकशी केली, लग्न खरं ठरलं आणि मार्गारेटने तिला घराचं दार बंद केलं. आता १४८२मध्ये त्याच लग्नातल्या जॉन कॅलला २० पौंड, वयाच्या चोविसाव्या वर्षी. तो आधीच वारला तर रक्कम त्याच्या भावांत वाटायची. दुसरी कस्टन्स, अविवाहित राहिलेल्या सर जॉनची मुलगी. तिला १० मार्क, वीस वर्षांची झाल्यावर. मार्क म्हणजे १६० पेन्स, तेव्हा १० मार्कचे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतात. कॅलच्या पोराला तिच्या तिप्पट. दार उघडल्याचं पत्रांत कुठे सापडत नाही, पण नातवाचं नाव आणि रक्कम इथे स्वच्छ लिहिलेली आहे, आणि मी तरी ती तिच्या प्रेमाच्या बाजूला मांडतो.

तिसऱ्या रकान्यात आणखी काय काय आलं ते थोडक्यात. शवपेटीभोवती मशाली धरून उभी राहणारी बारा गरीब माणसं, पांढरे झगे आणि टोप्या घालून, शक्यतो तिचीच जमीन कसणारी कुळं. जिथे तिची गावं होती तिथल्या गरीब घरांना पैसे. रीडमच्या चर्चला, कारण जन्म तिथला, तिच्या कुळाचं चिन्ह असलेली पूजावस्त्रं. नॉरिचच्या वेशीवरचे कुष्ठरोगी आणि नॉरिचच्या चारही पंथांचे फ्रायर, म्हणजे भिक्षेवर जगणारे धर्मबंधू. मोलकरीण अ‍ॅग्नेस स्वान हिला काळी फर लावलेला करड्या लोकरीचा झगा, चांदीवर मुलामा आणि मिनाकाम केलेला काळा कमरपट्टा आणि २० शिलिंग. ज्यांच्याकडून खंड घेतला, ज्यांच्याकडून काम घेतलं, त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करायची. आणि प्रार्थनेला हात जोडणारी माणसं पोटभर जेवलेली असावीत ही जबाबदारी मालकिणीची. असं धरलं की यादीतली एकही ओळ सुटी राहत नाही.

ते दालन आज नाही. मॉटबीच्या चर्चचा तो भाग पूर्वीच पाडला गेला. त्यामुळे ढालींची जुळणी मजकुरावरूनच कागदावर रेखाटतोय. बोशॅम्पांशी नातं नेमकं कुठल्या पिढीतून येतं ते वंशवेलीत बसवायचं काम चालू आहे. त्यानंतर सासू अ‍ॅग्नेसच्या मृत्युपत्राचे १४६६चे मसुदे घेईन: एकालाच इतकं देऊ नये की बाकीच्यांना जगायला कमी पडेल, हे नवऱ्याचं म्हणणं तिने त्यांत नोंदवलंय. तिच्या धाकट्या मुलांच्या, विल्यम आणि क्लेमंटच्या, वाट्याला त्यातून प्रत्यक्षात काय आलं, ते याच तीन रकान्यांत मांडून बघायचंय.