आमची वाटचाल : कागद, कोळसा आणि कड

बोईसरला, तारापूर एमआयडीसीत आमची शेड आहे. बाहेरून बघितलं तर पत्र्याचं काम करणारा आणखी एक कारखाना, एवढंच वाटेल. आत हवा गाळायची यंत्रणा बनते: हेपा फिल्टर, त्यांची स्टेनलेसची घरं, हवेची वाट उघडझाप करणारे डँपर आणि वायू धरून ठेवणाऱ्या कोळशाचे ट्रे. त्यातला बराचसा माल औषध कंपन्यांना जातो. थोडा माल अणुवीज केंद्रांना जातो आणि आमची सगळी झोप तो थोडा माल खातो.

सुरुवात साधी होती. डिप्लोमा झाल्यावर मी एका कंपनीत डक्टिंग शिकलो आणि नव्वदच्या दशकात एक शिअरिंग मशीन आणि एक जुनं बेंडिंग घेऊन स्वतःचं चालू केलं. आजूबाजूच्या केमिकल कारखान्यांना धूर खेचणारे हूड आणि ब्लोअरला जोडायचे पत्र्याचे पाइप लागायचे. त्यात पैसा बरा होता, पण उद्या शेजारचा माणूस दोन रुपये कमी लावेल ही धास्ती कायम. मग औषध कंपन्यांच्या क्लीन रूमसाठी हेपा बसवायचं काम मिळालं आणि काचतंतूच्या कागदाशी ओळख झाली.

हेपा म्हणजे बारीक काचतंतूंचा, पांढरा, बोटाने दाबला तर फाटणारा कागद. तो घड्या घालून चौकटीत बसवतात. नेहमीचा नग ६१० बाय ६१० बाय २९२ मिलिमीटरचा असतो आणि तासाला साधारण १,७०० घनमीटर हवा घेतो. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडले पाहिजेत. या फिल्टरचं मूळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आहे, औषधांत तो नंतर आला. हे मला खूप उशिरा कळलं, तोपर्यंत मी तो औषधवाल्यांचाच माल समजत होतो.

अणुवीज केंद्राचं पहिलं काम एका मोठ्या ठेकेदारामार्फत आलं. ड्रॉइंग बघून मी चक्रावलो, कारण औषधात आपण खोलीत दाब जास्त ठेवतो, म्हणजे बाहेरची घाण आत येत नाही. इथे सगळं उलट. अणुभट्टीच्या इमारतीत दाब बाहेरपेक्षा किंचित कमी. कुठे बारीक फट राहिलीच तर हवा बाहेरून आत जावी, आतली बाहेर पडू नये. आतही हवा स्वच्छ भागाकडून जास्त संशयित भागाकडे वाहते आणि शेवटी हेपाच्या रांगेतून, जिथे गरज तिथे कोळशातूनही, उंच चिमणीकडे जाते. चिमणीत नमुना सतत काढला जातो: कणांसाठी कागद, किरणोत्सारी आयोडीनसाठी कोळशाची डबी, वायूंसाठी मॉनिटर. तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे ५४० मेगावॉटचे संच तर दुहेरी कवचाचे आहेत. दोन भिंतींच्या मधली हवासुद्धा गाळून फिरवायची सोय आहे.

फिल्टर बदलायची रीतही वेगळी. औषधात जुना फिल्टर काढून कोपऱ्यात टाकतात. इथे घराच्या तोंडाला प्लॅस्टिकची मोठी पिशवी बांधलेली असते, माणूस पिशवीच्या आतून हात घालून जुना फिल्टर ओढतो, पिशवी दोन ठिकाणी सील करून मधे कापतो आणि मगच नवा आत जातो. जुन्याला कुणाचा हात लागत नाही आणि त्याच्यावरची धूळ हवेत येत नाही. ते घर बनवताना पिशवी अडकवायच्या कडेला एक जरी धारदार बर (पत्र्याचा काटा) राहिला तर पिशवी फाटणार. आमच्याकडचे मामा, आमचे सर्वात जुने वेल्डर, कडेवरून कापूस फिरवून बघायचे. धागा अडकला की परत घासायचं. आता मुलं त्यासाठी नायलॉनचा मोजा वापरतात, काम तेच.

आमच्या धंद्याचं खरं वळण एका हिशोबामुळे आलं. फिल्टरवर साधारण २५ मिलिमीटर पाण्याइतका दाबफरक असतो. तेवढ्या दाबाला एक मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब फटीतून किती हवा निसटते ते मी एकदा वहीत मांडलं. उत्तर आलं, त्या फिल्टरच्या एकूण हवेच्या पाव टक्का. कागदाला परवानगी ०.०३ टक्क्याची. म्हणजे गॅसकेटखाली, फिल्टर आणि घर यांच्यामधल्या मऊ पट्टीखाली, राहिलेली एवढीशी फट सगळ्या कागदाच्या आठपट माल सोडते. मग कागदावर जीव टाकून उपयोग काय? चांगला कागद विकत मिळतो. गॅसकेट बसायची चौकट सपाट करणं, वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकू न देणं, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळणं हे विकत मिळत नाही. तेव्हापासून फिल्टर बनवण्यापेक्षा त्याचं घर बनवण्यावर आम्ही जोर दिला. पुढे साइटवर जाऊन गळती तपासायचं कामही घेतलं.

तो तपास बघण्यासारखा असतो. फिल्टरच्या आधी तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा धूर सोडतात. पूर्वी डीओपी नावाचं तेल वापरत, म्हणून सगळे अजून 'डीओपी टेस्ट'च म्हणतात, धूर आता दुसऱ्या तेलाचा असला तरी. पलीकडे धूर मोजणाऱ्या फोटोमीटरची नळी. बसवलेल्या पूर्ण रांगेतून ०.०५ टक्क्याच्या वर धूर जाता कामा नये. आकडा जास्त आला की नळी कडेकडेने सरकवत जायचं. काटा जवळजवळ दर वेळी कोपऱ्यातच उडतो.

कागदपत्रांचं ओझं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक पत्र्याचा हीट नंबर (तो कुठल्या ओतीचा ते सांगणारा), प्रत्येक वेल्डरची पात्रता, प्रत्येक सांध्याची डाय पेनिट्रंट, म्हणजे रंग लावून भेग शोधायची, तपासणी. होल्ड पॉइंट आला की इन्स्पेक्टर येऊन सही करेपर्यंत काम बंद, मग तो आज येवो की पुढच्या आठवड्यात. हे सगळं सौभाग्यवतींनी अंगावर घेतलं. ती केमिस्ट्रीची बी.एस्सी. आणि तिला माझ्यापेक्षा दसपट चिकाटी. डिलिव्हरीच्या दिवशी माल टेम्पोत आणि फाइल तिच्या मांडीवर, असं अनेकदा झालंय. माल परत आला नाही, फाइल मात्र परत आली आहे.

आता कोळसा. कागद कण अडवतो, पण अणुभट्टीतलं किरणोत्सारी आयोडीन वायुरूपात सरळ निघून जातं. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये विंडस्केलला अणुभट्टी पेटली होती. तिथल्या चिमण्यांच्या डोक्यावर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हट्टाने फिल्टर बसवायला लावले होते. चिमण्यांचं काम सुरू झाल्यावर ठरलं म्हणून ते सगळ्यात वर गेले, आणि लोक त्यांना 'कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा' म्हणून हसत. आग लागल्यावर त्याच फिल्टरांनी पुष्कळ कण धरले. आयोडीन मात्र सुटलं, ते गवतावर बसलं, गवतातून गाईच्या दुधात उतरलं. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, पण तेवढ्या दिवसांत दूध लहान मुलांच्या पोटात आणि तिथून थायरॉइडमध्ये पोचतं. नवीन मुलगा कामावर आला की मी त्याला ही गोष्ट सांगतो. ड्रॉइंगपेक्षा ती लवकर समजते.

आमचा कोळसा नारळाच्या करवंटीचा, दाणेदार. त्यावर पोटॅशियम आयोडाइड आणि टीईडीए नावाचं अमाइन चढवलेलं असतं. साधं आयोडीन नुसत्या कोळशातही अडकतं, पण मिथाइल आयोडाइड हे द्वाड रूप आहे, त्याच्यासाठी हा लेप. नेहमीचा थर ५० मिलिमीटर जाडीचा असतो आणि हवा त्यातून सेकंदाला वीस सेंटिमीटरने जाते. म्हणजे कोळशाला काम करायला मिळतो पाव सेकंद. त्या पाव सेकंदात हवेला दुसरी वाट सापडली की संपलं.

म्हणून ट्रे भरणं हे आमच्याकडचं सर्वात संथ काम. ट्रे कंपन पावणाऱ्या टेबलावर उभा असतो, वरून कोळसा पावसासारखा, एकसारख्या धारेने सोडायचा. घाईने ओतला तर मोठे दाणे एकीकडे, बारीक दुसरीकडे. भरून झाला, टेबल चालवलं, की पातळी खाली बसते, मग पुन्हा वर भर, पुन्हा टेबल. वजन ठरलेल्या आकड्याला येईपर्यंत हेच. वरच्या बाजूला बोटभर पोकळी राहिली आणि ट्रे प्रवासात हादरला, तर हवा नेमकी त्या पोकळीतून जाणार. संध्याकाळी भरणाऱ्या माणसाच्या फक्त पापण्या गोऱ्या राहतात.

या कोळशाला सगळंच आवडतं, हीच त्याची खोड. त्याला आयोडीन आणि थिनरमध्ये भेद कळत नाही. अणुवीज केंद्रात यंत्रणा चालू असताना त्या भागात रंगकाम झालं, तर कोळसा पुन्हा तपासायचा असा दंडक असतो, तो उगीच नाही. रंगाच्या वाफांनी छिद्रं भरली की आयोडीनला जागा उरत नाही. दमटपणानेही तेच होतं. म्हणून कोळशाच्या आधी पाण्याचे थेंब अडवणारी जाळी आणि हीटर असतो, हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांखाली आणायला. आता सांगा, असा माल भरायचा कुठे? तर तारापूर एमआयडीसीत, जिथे वारा फिरला की कुठल्या कारखान्यात कुठलं सॉल्व्हंट चाललंय ते नाकाने ओळखता येतं! आणि पावसाळ्यात कोकणची हवा. दोन वर्षं आम्ही पिंप सीलबंद ठेवून, फक्त कोरड्या दिवसांत भराई करत काढली. शेवटी कर्ज काढून बंद खोली बांधली. तिला स्वतःची वाळवलेली हवा आहे, आणि आत येणारी हवा आधी आमच्याच जुन्या कोळशातून येते. बँकेच्या साहेबांना कोळसा ठेवायला वातानुकूलित खोली का लागते हे पटवायला जो वेळ गेला, त्यात दुसरी शेड उभी राहिली असती.

आमच्या मालाने सगळंच अडतं असं मी कुणाला सांगत नाही. झेनॉन, क्रिप्टॉन हे वायू सहजी कुणाशी संयोग करत नाहीत. त्यांना कोळशाच्या मोठ्या थरात किंवा लांब पाइपात रखडवत ठेवायचं. झेनॉन-१३३ पाच दिवसांत निम्मा होतो, त्याच्याशी वेळच लढतो. आर्गॉन-४१ ची गोष्ट आमच्या वेल्डरांना फार आवडते, कारण टिग वेल्डिंगला तेही आर्गॉनच वापरतात. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो, त्यावर न्यूट्रॉन पडले की तो किरणोत्सारी होतो. राजस्थान आणि मद्रासच्या जुन्या अणुभट्ट्यांत भट्टीभोवतीच्या कोठीत हवा होती, तिथे तो तयार व्हायचा. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रापासून त्या कोठीत पाणी भरलं आणि प्रश्न मुळातच आटला. फिल्टर विकणाऱ्याने हे सांगणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, पण सर्वात चांगला फिल्टर म्हणजे ज्याची गरजच उरली नाही तो. ट्रिटियमचंही, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचंही, तसंच. भट्टीतल्या जड पाण्याच्या वाफेबरोबर तो निघतो, कागद त्याला काही करत नाही. ड्रायर लावून ती वाफ पुन्हा पाणी करून गोळा करतात. जड पाणी इतकं महाग की ती वसुली कुणी सांगावी लागत नाही.

२०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं आणि फोन वाजायला लागले. अपघातात कवचातला दाब वाढला तर तो सोडावा लागतो, आणि सोडायचाच तर गाळून सोडावा, हा विचार स्वीडनने ऐंशीच्या दशकातच अमलात आणला होता. आपल्याकडे बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) त्यासाठी व्हेंच्युरी स्क्रबरची रचना केली. सोडा आणि थायोसल्फेट मिसळलेल्या पाण्यातून वाफ आणि वायू जोराने जातात, कण आणि आयोडीन पाण्यात राहतात, उरलेलं धातूच्या तंतूंच्या फिल्टरमध्ये. जाड दाबपात्राचं ते काम आमच्या कुवतीबाहेरचं, ते मोठ्यांनी घ्यावं. आम्ही हात जोडले.

पैशाचं थोडक्यात. सरकारी काम म्हणजे बिल बुडत नाही, पण मधला ठेकेदार असेल तर वेळेला धरबंध नसतो. एकाने आमची रक्कम वर्षाहून जास्त अडकवली, त्या काळात औषधवाल्यांच्या ॲडव्हान्सवर पगार झाले. आता बँक गॅरंटी, रिटेन्शन (काम झाल्यावरही अडवून ठेवलेली रक्कम) सगळं आधी मोजून मगच भाव देतो, आणि एल-वन, म्हणजे सर्वात कमी भाव लावणारा, व्हायच्या शर्यतीत उतरत नाही.

कोविडमध्ये रुग्णालयांनी विलगीकरणाच्या खोल्या मागितल्या. आत दाब कमी, बाहेर जाणारी हवा हेपातून. आमच्या पोरांना काहीच नवीन शिकवावं लागलं नाही. त्या काळात आलेली कमाई आम्ही नव्या फोटोमीटरमध्ये घातली.

गावात अजून लोक विचारतात, "तुमच्या त्या अणूच्या चिमणीतून काय येतं हो?" मी सांगतो की सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट किरणोत्साराची मर्यादा एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) घातली आहे, निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने २.४ मिळतातच, आणि केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा इथलं दूध, मासळी, भाजी सतत तपासते. ज्यांना त्या प्रकल्पापायी अक्करपट्टी, पोफरणसारखी गावं सोडावी लागली, त्यांना मी हे आकडे सांगायला जात नाही. त्यांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याला माझ्याकडे फिल्टर नाही.

गुजरातेत काक्रापारला ७०० मेगावॉटचे संच आता चालू झाले, त्याच प्रकारचे आणखी दहा संच २०१७ मध्ये मंजूर झालेले आहेत, त्यामुळे चौकशा वाढल्यात. मुलगा साइटवरची टेस्टिंग बघतो, सौभाग्यवती फाइली कुणाला देत नाही. भराईच्या खोलीत सध्या दोन माणसं हवी आहेत. अनुभव नसला तरी चालेल, घाई करणारा नको. आणि कामावर येताना सेंट किंवा डिओ लावून येऊ नये.