दहा सेकंदांसाठी अख्खी रेकॉर्ड

आई परवा परत म्हणाली, "ही काळी ताटं अजून किती जमवणारेस रे?" आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो, कारण खरं उत्तर द्यायची हिंमत नाही. खरं उत्तर असं की आई, ह्या अख्ख्या रेकॉर्डमधली मला फक्त दहा सेकंद हवीयेत. गाणं नको, गायक नको, ट्रंपेट-बिंपेट पण नको, मधेच एका जागी सगळे वाजवायचे थांबतात आणि ड्रमर एकटा उरतो, तेवढंच. असं बोललो तर ती माझ्यासाठी मुली बघायचं पण सोडून देईल.

त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. लालबाग-परळमधे बेंजो पार्टीपुढे ज्यांनी चपला झिजवल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको. बेंजोवर गाणं चालू असतं तोवर पब्लिक आपलं हात वर करून डुलत असतं, मग बेंजोवाला हात काढून घेतो, नुसता ताशा आणि ढोल उरतो आणि मग जो काय राडा सुरू होतो की बास. खरे नाचणारे तेवढ्यासाठीच थांबलेले असतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या कूल हर्क नावाच्या पोराच्या पण हेच लक्षात आलं. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२० सेजविक अव्हेन्यूच्या बिल्डिंगमधे बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तो रेकॉर्डी लावत होता, हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून लोक तीच तारीख धरतात. पोरं ब्रेकची वाट बघतात आणि ब्रेक तर लगेच संपतो, मग ह्याने काय करायला सुरुवात केली, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या घ्यायच्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा चालू, तोवर पहिलीची सुई मागे. दहा सेकंदांची पाच मिनिटं. आणि आपण काय लावतोय ते बाकीच्या डीजेंना कळू नये म्हणून रेकॉर्डीची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. म्हणजे आपल्याकडे कॅटररचे आचारी मसाला कधी सांगत नाहीत तसलाच प्रकार.

मला हा नाद लागला तो उलट्या बाजूने. कॉलेजात असताना हिप-हॉप ऐकायचो, मग हा ड्रम कुठून आला, तो कुठून आला असं शोधत मागे जात राहिलो आणि जिथे जावं तिथे जेम्स ब्राउन ह्या अमेरिकन फंक (म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत) गायकाच्या बँडमधले दोघं ड्रमर उभेच, क्लाइड स्टबलफील्ड आणि जॅबो स्टार्क्स. ब्राउनचं 'फंकी ड्रमर' हे गाणं २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं. मधे ब्राउन बँडला सांगतो, तुम्ही थांबा, ह्याला वाजवू द्या, आणि क्लाइड कुठलीही सर्कस करत नाही, नुसता ठेका धरून बसतो. वीसेक सेकंद. पण त्याच्या स्नेअरवर (सेटमधला तो कडक वाजणारा ड्रम) मुख्य ठोक्यांच्या मधे जे हळू, जेमतेम ऐकू येणारे ठोके आहेत ना, सगळी गंमत तिथेय, तबल्यात डग्गा नुसता घुमत ठेवतात तसं काहीसं. शेकडो गाण्यांत तो तुकडा कापून वापरला गेला आणि क्लाइडला त्याचे काही मिळाले नाहीत, कारण गाणं कागदोपत्री ब्राउनचं. २०१७ मधे वारला तो.

तर अशा रेकॉर्डी मुंबईत मिळतात का? मिळत नाहीत, सापडतात, तेपण क्वचित. मी शुक्रवारी पहाटे कॉटन ग्रीनवरून पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडतो, सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजार. उजाडायच्या आत रस्त्यावर चादरी पसरून माल लागलेला असतो, चार्जर, बूट, पितळी नळ, कोणाच्या तरी लग्नाचे अल्बम (हे बघून मला दर वेळी कसंतरी होतं) आणि एखाद्या चादरीच्या कोपऱ्यात रेकॉर्डींचा गठ्ठा. त्यात जिम रीव्ज असणारच. बोनी एम असणारच. मग हिंदी सिनेमे, मग भजनं, आणि पन्नासातली एक अशी की हात थांबतो. विकणाऱ्याला तुमचा थांबलेला हात दिसला की भाव डबल, म्हणून मी आधी भजनाची रेकॉर्ड उचलून बराच वेळ बघतो आणि हवी ती मधे घुसवून "सब का कितना?" विचारतो. त्यामुळे माझ्याकडे भजनांचं पण चांगलं कलेक्शन झालंय, त्यावर मात्र आईची तक्रार नाही.

तिथे वाजवून बघायची सोय नसते, डोळ्यांनीच ऐकावं लागतं. मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डवर तिरका मारायचा. सगळा बँड गच्च वाजतोय तिथली रेष एका तऱ्हेने चमकते आणि वाद्यं कमी झाली की तेवढा पट्टा काळसर, शांत दिसतो. गाण्याच्या मधोमध असा बारीक पट्टा दिसला की समजायचं इथे काहीतरी आहे. कधी ब्रेक निघतो, कधी बाई हळू आवाजात रडत असते. आणि नेमका तोच पट्टा खरवडल्यासारखा पांढरा पडलेला असेल तर ओळखायचं की आपल्याआधी कोणीतरी तिथेच सुई ठेवून ठेवून मजा करून गेलाय.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात फंकचं एक कव्हर बघून मी इतका हुरळलो की आतली रेकॉर्ड काढून बघितलीच नाही, नऊशे रुपये मोजले, घरी येऊन लावली तर आत मुलांच्या बडबडगीतांची रेकॉर्ड. परत गेलो तर तो म्हणे, "आपने देख के लिया ना?" घेतलं होतं खरं, कव्हर.

आणि पावसाळा! जुलैत कपाट उघडलं की कुबट वास. रेकॉर्डींची जाकीटं, म्हणजे कव्हरं, प्लास्टिकला चिकटतात, रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके, ते तसेच वाजवले तर कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. डिस्टिल्ड वॉटरमधे भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडका, रेषेच्या दिशेनेच गोल फिरवायचा, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, मग साध्या डिस्टिल्डने परत पुसून ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या. आई ताटं म्हणते ती काय उगाच नाही.

खरी गोष्ट सांगायचीय ती एका छोट्या सात इंची रेकॉर्डची, पुढे एक गाणं, मागे एक. विन्स्टन्स नावाचा अमेरिकन बँड होता, १९६९ मधे त्यांचं 'कलर हिम फादर' तुफान चाललं, ग्रॅमी पण मिळालं. मागच्या बाजूला भरती म्हणून एक बिनशब्दांचं गाणं टाकलं, 'आमेन, ब्रदर'. त्यात ड्रमर ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा वाजवतो. सहा-सात सेकंद. नव्वदीत इंग्लंडमधे जंगल आणि ड्रम अँड बेस नावाचं नाचायचं संगीत ह्या तुकड्यावरच उभं राहिलं, हजारो ट्रॅकमधे तो आहे, तुम्ही पण ऐकलाच असणार, नाव माहीत नसेल एवढंच. पुढची बाजू हिट असल्यामुळे ही रेकॉर्ड अमेरिकेत ढिगाने छापली गेली, म्हणून फार महाग पण नाही. मित्र तिकडून येताना घेऊन आला.

आता गंमत अशी की अमेरिकन सात इंचीला मधे दीड इंचाचं भोक असतं आणि आपल्या प्लेयरची दांडी पेन्सिलीएवढी. अ‍ॅडॅप्टर नव्हता. आमच्या काकाने त्याच्या जुन्या रबरी स्लिपरमधून गोल चकती कापून दिली. पहिल्या चकतीचं भोक जरा बाजूला गेलं तर सगळा बँड देशी ढोसल्यासारखा वाजायला लागला. दुसरी बरोब्बर बसली.

काका म्हणजे बेस्टचा रिटायर्ड कंडक्टर, पण जन्मभर काळाचौकीत ताशा वाजवला. त्याला फंक-बिंक काही माहीत नाही. ब्रेक आला तसा मी गप्प बसलो. काकाची बोटं मांडीवर चालत होती, पहिली दोन आवर्तनं बरोबर गेली, तिसऱ्यात एक ठोका उशिरा पडला तसा तो हसला, चौथ्यात बोटं हवेतच राहिली.

"समच खाल्ली की त्यानं! परत लाव."

खरंच खाल्लीय. चौथ्या आवर्तनाचा पहिला ठोका कोलमनने वाजवलेलाच नाही. मी ते इंटरनेटवर वाचून दहा वेळा ऐकल्यावर मला समजलं होतं, काकाला एका फटक्यात.

मग त्याने विचारलं हा वाजवणारा कोण, असतो कुठे. सांगितलं, २००६ मधे अटलांटात गेला. बँडचा मालक रिचर्ड स्पेन्सर सांगायचा की शेवटी त्याला राहायला घर नव्हतं. आपला तुकडा जगभर वाजतोय हे तरी त्याला माहीत होतं का, देव जाणे. २०१५ मधे इंग्लंडातल्या डीजेंनी वर्गणी काढली, २४,००० पौंड जमले, ते स्पेन्सरला दिले. कोलमन तोवर नव्हताच. काका म्हणाला, "आमच्या पण बोर्डावर पार्टीच्या मालकाचंच नाव असायचं." माझ्याकडच्या हिंदी रेकॉर्डींची जाकीटं मी त्या रात्री परत काढून बघितली. संगीतकार, गीतकार, गायक, कुठे कुठे हिरो-हिरॉइनचे भलेमोठे फोटो. ड्रम कोणी वाजवलाय ते एकावर पण नाही.

आता दर रविवारी जेवण झालं की काका येतो आणि "तो सम खाणारा लाव" म्हणतो. ह्या गणपतीत वाजवायचाच असं ठरवून मंडळाच्या पोरांना ताशावर शिकवायला घेतलाय. तीन आवर्तनं झकास जातात, चौथं आलं की सगळ्यांच्या काड्या सवयीने धाडकन समेवर पडतात, आणि काका डोक्याला हात लावून परत पहिल्यापासून सुरू करतो.