आधी अढी

संध्याकाळी मल्लखांबाच्या मैदानावर गेलात की खांबाला पोरं लटकलेली दिसतात आणि कट्ट्यावर पालक. पोरांना घाई नसते. सगळी घाई कट्ट्यावर. 'मनोऱ्यात कधी घेणार?', 'स्पर्धेला कधी उतरवणार?' मीही कट्ट्यावरचाच, त्यामुळे फार बोलायला नको.

मल्लखांब म्हणजे शिसवी नाहीतर सागवानी खांब. खाली जाड, वर निमुळता, मग मान आणि शेवटी बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं. आधीच गुळगुळीत लाकूड, त्यात तेल कशाला, असं मलाही वाटायचं. पण कोरड्या खांबावर अंग घासलं की कातडी सोलवटते. तेलामुळे घर्षण कमी होतं आणि मग टिकून राहायला नुसता चिकटपणा पुरत नाही, आवळून धरावंच लागतं. तेही हातांनी नव्हे, मांड्यांनी. हातांनी धरणं तान्ह्या बाळालाही येतं. मांडीला मात्र पकड शिकवावी लागते, आणि ती शिकायला तिचा तिचा वेळ घेते.

म्हणून सुरुवात अढीपासून. लेकीनं पहिले कित्येक दिवस दुसरं काही केलंच नाही. खांब दोन्ही हातांनी धरायचा, उडी मारून कंबर वर न्यायची, डोकं खाली, पाय वर, आणि मांड्यांची कात्री खांबाला घालायची. ती बसली की हात सोडायचे. हे हात सोडणं म्हणजे खरी परीक्षा. सुरुवातीला तिची बोटं एकेक करून सुटायची. करंगळी आधी, अंगठा सगळ्यात शेवटी. सर खाली उभे, हात तिच्या खांद्यांपासून वीतभर अंतरावर, आणि तोंडानं एकच, "मांडी आवळ." धीर वगैरे शब्द त्यांच्या कोशात नसावेत. एके दिवशी अंगठाही बाकीच्या बोटांबरोबर सुटला. तिला ते कळलंसुद्धा नाही. ती उलटी लटकून मैत्रिणीशी गप्पा मारत होती.

वर चढायचं तर तिथून पोटाच्या जोरावर उठून खांब आणखी वर धरायचा, पाय सोडायचे आणि पुन्हा अढी. उतरणंही तितकंच घोटून घेतात. मला हे फार आवडलं. नीट उतरता येतं हे अंगाला पटल्याशिवाय ते वर जायला तयारच होत नाही.

दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. २०१९ मध्ये मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, आणि मल्लखांबातला पहिला अर्जुन पुरस्कार २०२१ सालचा, हिमानी परबला. बातम्यांत पदक दिसतं, अढ्या दिसत नाहीत. कट्ट्यावरच्या घाईचं मूळ बहुधा तिथंच असावं.

परवा एका बाबांनी सरांना विचारलंच. सर म्हणाले, "पाय अजून वाजतात त्याचे." कच्च्या अढीत टाचा खांबावर आपटतात. बाबांनी गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

लेकीचे पाय आता वाजत नाहीत. म्हणून सरांनी तिला एकहाती अढी दिलीय. रोज गादीवर धपाधप पडते आणि मांड्या काळ्यानिळ्या करून घरी येते.