खासदार निधीतून काम हवंय? मग आधी सात-बारा काढा

लोकसभेच्या खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. आकडा मोठा वाटतो, पण महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात ६ विधानसभा क्षेत्रं असतात. म्हणजे प्रत्येकी जेमतेम ८३ लाख. म्हणूनच प्राधान्यक्रम महत्त्वाचा, आणि तो ठरवताना गावानं गप्प बसू नये.

खासदार फक्त शिफारस करतो. पैसा त्याच्या हातात येत नाही. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. निधीतला १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी असतो. आपली वस्ती त्यात बसत असेल तर अर्जात तसं ठळक लिहा.

काम अडतं ते बहुतेक वेळा जागेवर. सभामंडपाची शिफारस होते आणि मग कळतं की जागा देवस्थानची किंवा भाऊबंदकीत अडकलेली. धार्मिक स्थळाच्या जागेवर हा निधी चालतच नाही. त्यामुळे पत्र देण्याआधीच ग्रामसभेचा ठराव, जागेचा सात-बारा किंवा आठ-अ, अभियंत्याकडून अंदाजपत्रक आणि देखभाल कोण करणार याचं हमीपत्र, एवढं एका फायलीत लावा. हमीपत्राकडे फार दुर्लक्ष होतं. बोअरवेलवर पंप बसतो, पण वीजबिल या निधीतून भरता येत नाही. थकबाकी वाढली की जोडणी तुटते आणि बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो.

पगार, खासगी मालमत्ता यांसाठी मागणी करू नका, ती परतच येते.